अकरावीची न्यूमरिकल्स पुन्हा सोडवा, पण उत्तरापाशी थांबू नका



नेट असो, सेट असो, गेट असो की विद्यापीठाची पेट, भौतिकशास्त्राची तयारी सुरू करणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो: अकरावीचं पुस्तक काढ, मापन आणि गती ही प्रकरणं घे, आणि त्यातली सगळी न्यूमरिकल्स सोडव. सल्ला चुकीचा नाही, पण तो अर्धाच आहे. या लेखात त्याच न्यूमरिकल्सची थोडी चिकित्सा करायची आहे. ती काय शिकवतात, काय शिकवत नाहीत, आणि संशोधनाकडे वळणाऱ्याने ती कशी सोडवावीत, असे तीन प्रश्न आहेत.

माझं म्हणणं आधीच सांगते. या गणितांमध्ये संशोधनाचा सगळ्यात अवघड भाग पुस्तकाच्या लेखकाने आपल्यासाठी आधीच उरकून ठेवलेला असतो. काय मोजायचं, कशाकडे दुर्लक्ष करायचं, घड्याळावर किती विश्वास ठेवायचा, हे सगळं ठरलेलं असतं. आपल्याकडे उरतं ते सूत्रात आकडे घालणं. तेवढंच हजार वेळा केलं तर हात साफ होतो, पण संशोधनाची तयारी होत नाही.

हे नुसतं मत नाही. २००२ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये किम आणि पाक या कोरियन अभ्यासकांचा एक शोधनिबंध आला. विद्यापीठात नुकत्याच आलेल्या २७ विद्यार्थ्यांचा त्यांनी अभ्यास केला. या मुलांनी स्वतःच्या अंदाजाने ३०० पासून २९०० पर्यंत गणितं सोडवलेली होती, सरासरी सुमारे १५००. सूत्रं आणि आकडेमोड यात त्यांना फारशी अडचण नव्हती. तरीही बल आणि गती यांविषयीचे नेहमीचे गैरसमज कायम होते, आणि गणितांची संख्या व समज यांच्यात फारसा संबंध आढळला नाही. २७ ही संख्या लहान आहे, त्यामुळे यावरून सरसकट निष्कर्ष काढू नका. पण ‘अजून एक गाईड संपवलं की जमेल’ असं वाटत असेल, तर हा निबंध आठवावा.

आता थेट गणितांकडे येऊ.

लंबकाचं गणित

एनसीईआरटीच्या अकरावीच्या जुन्या पुस्तकात एक प्रसिद्ध उदाहरण होतं. साध्या लंबकाची लांबी २०.० सें.मी., ती १ मि.मी. पर्यंत अचूक. १०० दोलनांना ९० सेकंद लागले, आणि मनगटी घड्याळाचं लघुतम माप, म्हणजे लीस्ट काउंट, १ सेकंद. तर गुरुत्व त्वरण किती अचूकतेने मिळेल?

पुस्तकी उत्तर सोपं आहे. लांबीतली सापेक्ष त्रुटी ०.५ टक्के. वेळेतली ९० मध्ये १, म्हणजे १.१ टक्के. सूत्रात दोलनकालाचा वर्ग येतो म्हणून ती दुप्पट, २.२ टक्के. बेरीज २.७, म्हणजे जवळपास ३ टक्के. दोन मार्क मिळाले, पुढचं गणित.

इथे जरा थांबा. पहिली गोष्ट, या उदाहरणात गुरुत्व त्वरणाची किंमत काढायला कुणी सांगतच नाही. काढून बघा, ९.७५ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. ३ टक्के म्हणजे साधारण ०.३. म्हणजे आपलं उत्तर ९.७ किंवा ९.८, त्यात ०.३ इकडेतिकडे. इतक्या अनिश्चिततेत ९.६ हे उत्तरही तितकंच प्रामाणिक ठरतं. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये ९.८ यायलाच हवं म्हणून रीडिंग ‘बसवण्याची’ सवय कुठून लागते, याचं एक कारण इथे आहे. किंमत आणि त्रुटी एकत्र वाचायला आपल्याला कधी लावलंच जात नाही.

दुसरी गोष्ट, त्रुटींची सरळ बेरीज. दोन्ही त्रुटी एकाच दिशेने पडल्या तर काय, या सगळ्यात वाईट शक्यतेचा तो हिशेब आहे. त्रुटी एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर संशोधनात सहसा वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतात. तसं केलं की २.३ टक्के येतात. फरक मोठा नाही, पण ‘बेरीज का केली?’ या प्रश्नाचं उत्तर आपल्याला देता आलं पाहिजे.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ते ३ टक्के फक्त पट्टीच्या आणि घड्याळाच्या रेघांमधून आलेत. खऱ्या टेबलावर काय काय होतं ते बघा:

- लंबकाचा गोळा २ सें.मी. व्यासाचा आहे आणि लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता वरच्या हुकापर्यंतच मोजली. लांबी १ सें.मी. ने कमी भरली, म्हणजे ५ टक्के चूक. पुस्तकाच्या एकूण ३ टक्क्यांपेक्षा ही एकटी मोठी आहे.
- गोळा सोडताना ‘शून्य’ न म्हणता ‘एक’ म्हणून मोजायला सुरुवात केली. १०० म्हणेपर्यंत दोलनं झाली ९९. दोलनकालात १ टक्का, गुरुत्व त्वरणात २ टक्के.
- दोलनाचा कोन २० अंशांचा ठेवला. दोलनकाल सूत्रापेक्षा सुमारे ०.८ टक्क्यांनी वाढतो, आणि गुरुत्व त्वरण साधारण दीड टक्क्याने कमी येतं.

हे दोष पद्धतशीर आहेत. तीच चूक तशीच ठेवून दहा वेळा मोजलं आणि सरासरी घेतली तरी ते जात नाहीत, कारण दर वेळी ते त्याच बाजूला ढकलतात. आणि उदाहरणात शब्द काय वापरलाय? अचूकता. प्रत्यक्षात तिथे मोजलाय तो उपकरणाचा बारीकपणा. बारीक रेघांची पट्टीही चुकीच्या जागेपासून लावली तर चुकीचंच मोजते. हा फरक व्याख्या म्हणून सगळ्यांना पाठ असतो, पण उदाहरण सोडवताना तो कुठेच लागत नाही.

गंमत म्हणजे याच उदाहरणात संशोधनाचा एक सुंदर प्रश्न दडलेला आहे. प्रयोग सुधारायला एकच गोष्ट करायची मुभा असेल तर कोणती कराल? १०० ऐवजी ३०० दोलनं मोजली तर २७० सेकंदांत १ सेकंद, म्हणजे वेळेचा वाटा ०.७ टक्क्यांवर येतो आणि एकूण त्रुटी १.२ टक्के होते. त्यापुढे दोलनं वाढवून फारसा उपयोग नाही, आता लांबीकडे बघावं लागेल. पैसे आणि वेळ कुठे घालवायचा, हे प्रयोग करणाऱ्याला असंच ठरवावं लागतं. पुस्तकाने हा प्रश्न विचारला असता तर ते उदाहरण कितीतरी मोठं झालं असतं.

आणि एक खंत. अभ्यासक्रमाच्या कपातीनंतर आलेल्या एनसीईआरटीच्या नव्या आवृत्तीत मापनाच्या प्रकरणात सार्थक अंक आणि मिती विश्लेषण उरलंय, त्रुटींचा विभाग मात्र गेलाय. मी वर त्या उदाहरणावर टीका केली, पण त्यावर उपाय ते उदाहरण पुढे नेणं हा होता, काढून टाकणं नव्हे. महाराष्ट्र मंडळाच्या अकरावीच्या २०१९ च्या पुस्तकात त्रुटींची चर्चा आहे. तुमच्याकडे ते असेल तर तो भाग सोडू नका.

विहिरीचं गणित

आता गती. हे गणित सगळ्यांनी केलेलं असतं: विहिरीत दगड सोडला, ‘डुबुक’ आवाज अमुक सेकंदांनी ऐकू आला, ध्वनीचा वेग ३४० मीटर प्रति सेकंद, तर पाणी किती खोल? इथे आवाजाला वर यायला लागलेला वेळ धरून वर्गसमीकरण सोडवावं लागतं. जो तो वेळ धरायला विसरतो त्याचे मार्क जातात.

पाणी २० मीटर खोल आहे असं धरू. दगडाला २.०२ सेकंद लागतात, आवाजाला ०.०६. एकूण २.०८. आवाज विसरलात तर खोली २१.२ मीटर येते, म्हणजे १.२ मीटर जास्त. ठीक. पण ही वेळ मोजली कुणी? माणसाने, हातातल्या स्टॉपवॉचने. पाण्याला लागताना दगडाचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर असतो. स्टॉपवॉच दाबण्यात ०.१ सेकंद इकडेतिकडे झाला की उत्तर जवळजवळ २ मीटरने हलतं! म्हणजे ज्या दुरुस्तीसाठी आपण वर्गसमीकरण सोडवतो, तिच्यापेक्षा आपल्या अंगठ्याची चूक मोठी आहे.

मग आवाजाकडे दुर्लक्ष करायचं का? एकच दगड टाकणार असाल तर ती दुरुस्ती केली काय नि नाही काय, उत्तर भरवशाचं नाहीच. पण दहा दगड टाकून सरासरी घेतली, तर अंगठ्याची अनियमित चूक सुमारे एक तृतीयांश होते, म्हणजे ६० सें.मी. च्या आसपास. आवाजाची १.२ मीटरची चूक मात्र जशीच्या तशी राहते. आता ती दुरुस्ती करायलाच हवी. ‘हवेचा विरोध दुर्लक्षित करा’, ‘घर्षण नाही असे माना’ ही वाक्यं पुस्तकात आदेशासारखी येतात. संशोधनात तो आपण घ्यायचा निर्णय असतो, आणि तो घ्यायला दोन चुकांची तुलना करावी लागते.

जे गणित आवडलं

सगळीच गणितं अशी नाहीत. एनसीईआरटीच्याच गतीच्या प्रकरणात प्रतिक्रियाकाळाचं एक उदाहरण आहे. मित्राने पट्टी उभी धरून सोडायची, आपण ती दोन बोटांत पकडायची. पट्टी २१ सें.मी. पडली तर प्रतिक्रियाकाळ सुमारे ०.२ सेकंद. हे उदाहरण मला फार चांगलं वाटतं, कारण ते घरी करता येतं आणि आकडे आपले आपल्याला मिळवावे लागतात. वीस वेळा करा. आकडे १८ ते २४ सें.मी. मध्ये पसरले तर वेळ ०.१९ ते ०.२२ सेकंद येईल. अंतर वर्गमुळात असल्यामुळे त्यातला पसारा वेळेत निम्मा होतो, हेही दिसेल.

मग हेच उत्तर विहिरीकडे न्या. दगड सोडणारे तुम्हीच असाल तर सुरुवात तुम्हाला आधीच माहीत असते, तिथे उशीर जवळजवळ नाही. आवाज मात्र अचानक येतो, तिथे उशीर होतो. म्हणजे वेळ नेहमी जास्तच मोजली जाणार. हाही पद्धतशीर दोष निघाला! दोन वेगळ्या प्रकरणांतली, वेगळी वाटणारी गणितं अशी एकमेकांशी बोलायला लागली की समजावं, अभ्यास बरा चाललाय.

अंतर भागिले वेळ

हे सगळं शाळकरी वाटत असेल तर एक घटना आठवा. सप्टेंबर २०११ मध्ये ‘ऑपेरा’ या गटाने जाहीर केलं की सर्नहून इटलीतल्या ग्रान सासोपर्यंत, सुमारे ७३० किलोमीटर, आलेले न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोहोचताना दिसतात. मोजमाप काय होतं? अंतर भागिले वेळ. प्रकाशाला या अंतराला सुमारे २.४ मिलिसेकंद लागतात, म्हणजे फरक साधारण चाळीस हजारांत एक भाग. हजारो नोंदी होत्या, आणि त्यांनी दिलेली एकूण त्रुटी साधारण १० नॅनोसेकंद होती. पुढे २०१२ मध्ये कळलं की वेळेच्या यंत्रणेतली एक फायबर केबल नीट जोडलेली नव्हती.

त्या गटाला हसण्याचं कारण नाही. त्यांनी आकडा लपवला नाही, इतरांना तपासायला सांगितलं आणि स्वतःही शोधत राहिले. आपल्यासाठी मुद्दा इतकाच की नोंदी कितीही वाढवल्या तरी सैल केबल सरासरीत घट्ट होत नाही. लंबकाचा हुक आणि ही केबल एकाच जातीचे दोष आहेत.

मग सराव कसा करायचा?

गणितं कमी करा, पण प्रत्येकावर जास्त वेळ द्या. दिवसाला तीस ऐवजी तीन. उत्तर आलं की वहीत त्याच्याखाली आणखी चार ओळी लिहा: या उत्तरातली सगळ्यात मोठी अनिश्चितता कुठून येते, गणिताने कशाकडे दुर्लक्ष करायला सांगितलं आणि त्याने उत्तर किती बदललं असतं, जे आकडे फुकट मिळाले ते मला मोजावे लागले असते तर कशाने मोजले असते, आणि मोजमाप एका बाजूला ढकलणारी कोणती चूक सरासरीने जाणार नाही. गतीच्या गणितात सूत्राआधी हाताने आलेख काढा आणि त्याचा चढ कुठे वाढतोय ते शब्दांत लिहा.

परीक्षा जवळ असेल तर वेगाचा सराव वेगळा करा, तोही लागतोच. पण या चार ओळींची वही संशोधन प्रस्ताव लिहिताना खरी उपयोगी पडेल. मुलाखतीत ‘तुमच्या मोजमापावर आम्ही विश्वास का ठेवावा?’ असं विचारलं तर त्याचं उत्तर कुठल्याही गाईडच्या शेवटच्या पानावर छापलेलं नसतं.

आजचा गृहपाठ: पट्टी घ्या, मित्राला बोलवा, वीस रीडिंग घ्या. एकही ‘बसवू’ नका.