‘एकच प्याला’ : दोष कोणाचा, रोग कोणता?

दारूच्या व्यसनाविषयी बोलावयास उभा राहिलेला मराठी उपदेशक बहुधा दोन ग्रंथांचा आधार घेतो. एक पवित्र शास्त्र आणि दुसरा कै. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक. पहिल्यातून तो करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सहावा अध्याय काढतो. दुसऱ्यातून केवळ नाटकाचे नाव घेतो, कारण ते नावच इतके बोलके आहे की नाटक वाचण्याची गरज सहसा भासत नाही. पहिला प्याला घेऊ नका, घेतलात तर सुधाकर व्हाल, असा एकूण बोध. बोध खोटा नाही. परंतु ज्याने पहिला प्याला वीस वर्षांपूर्वीच घेतला, त्याला आणि त्याच्या घरच्यांना या बोधाचा उपयोग काय, हा प्रश्न उरतोच. व्यसन हा रोग मानावा की मनुष्याची स्वतःची निवड, या वादाचा विचार करताना गडकऱ्यांचे नाटक पुन्हा एकदा नीट तपासून पाहावे, असे आम्हांस वाटते. नाटकाच्या नावात जे आहे त्याहून नाटकात पुष्कळ अधिक आहे, आणि काही ठिकाणी जे आहे ते ख्रिस्ती सेवकाने स्वीकारू नये असेही आहे.

गडकऱ्यांचा जन्म १८८५ साली आजच्या गुजरातमधील नवसारी जिल्ह्यात झाला. ते १९१९ च्या जानेवारीत सावनेर येथे वारले, आणि महिन्याभरानंतर गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग बडोद्यास केला. सिंधूची भूमिका बालगंधर्वांनी केली, सुधाकराची गणपतराव बोडस यांनी. मराठी रंगभूमीवरील व्यसनाची ही सर्वांत मोठी शोकांतिका अशा रीतीने गुजरातच्या भूमीवर प्रथम उभी राहिली, हा योगायोग आम्ही मुद्दाम नोंदवीत आहोत. कारण आज हा प्रश्न अत्यंत तीव्रतेने पुढे येतो तो गुजरातेतील मराठी वस्त्यांत. सुरतेचे गोडादरा घ्या. लिंबायत, उधना, डिंडोली यांच्या शेजारच्या या भागात जळगाव, धुळे, नंदुरबारकडून ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने आलेली कुटुंबे पिढी-दोन पिढ्या राहत आहेत. माग, रंगाईचे कारखाने, साड्यांचे भरतकाम, बारा-बारा तासांच्या पाळ्या असे तेथील जीवन. दारू तेथेही पोहोचते. फरक एवढाच की तेथे ती चोरून पोहोचते.

या फरकाने सारे गणित बदलते. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा १९६० नंतर गुजरातने पुढे चालू ठेवला. त्यामुळे तेथे विनापरवाना पिणारा मनुष्य हा कायद्याने गुन्हेगार आहे. दुसरीकडे संसदेने २०१७ साली केलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येत मद्य व मादक द्रव्यांच्या गैरवापराशी निगडित मनोविकारांचा स्पष्ट समावेश आहे. म्हणजे तोच मनुष्य एका कायद्याने आरोपी व दुसऱ्याने रुग्ण. त्यात गंमत अशी, की दारूबंदीच्या व्यवस्थेतच ‘हेल्थ परमिट’ नावाची सोय आहे. वैद्यकीय तपासणी व शुल्क यांची पूर्तता करणाऱ्यास प्रकृतीच्या कारणास्तव ठरावीक मद्य बाळगता येते. ज्याला अर्ज करता येतो त्याची दारू औषध ठरते, आणि ज्याला येत नाही त्याची पोटली पुरावा ठरते. अशा ठिकाणी धर्मशिक्षक एखाद्या घरी गेला आणि त्यानेही ‘हे पाप आहे’ एवढेच सांगितले, तर त्या मनुष्याच्या गळ्यात तिसरी पाटी पडते. मग घरची माणसे दार लावून घेतात. पाळकाला सांगावे तर लाज, डॉक्टरला सांगावे तर पोलिसांची भीती. २०२२ च्या जुलैत बोटाद व अहमदाबाद जिल्ह्यांत मिथेनॉलमिश्रित विषारी द्रव्य दारू म्हणून पिऊन ४० हून अधिक माणसे दगावली. असल्या प्रसंगी रुग्णालय गाठण्यास थोडा उशीर झाला तरी तो प्राणावर वा दृष्टीवर बेततो, आणि भीतीपोटी होणारा उशीर हा सर्वांत सहज होणारा उशीर आहे.

आता नाटकाकडे वळू. सुधाकर हा बुद्धिमान, मानी वकील. कोर्टात त्याचा अपमान होतो, तो उसळतो, त्याची सनद काही काळ जाते, आणि त्या जळजळीच्या क्षणी त्याचा कारकून तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. एवढ्याशा कारणाने एवढा मनुष्य कोसळावा हे पटत नाही, असा आक्षेप नाटकावर नेहमी घेतला जातो. आमचे मत उलट आहे. ज्यांनी व्यसनी माणसांची कैफियत ऐकली आहे त्यांना ठाऊक असते की सांगितलेले कारण नेहमीच परिणामापुढे तोकडे असते. तोच अपमान दुसऱ्या वकिलाने पचविला असता, तोच प्याला तिसऱ्याने घेऊन विसरला असता. जुळ्या भावंडांच्या व दत्तक मुलांच्या अभ्यासावरून आज असे मानले जाते की या व्यसनाकडे असलेल्या कलाचा साधारण निम्मा भाग आनुवंशिक असतो. गडकऱ्यांना हे शास्त्र माहीत असणे शक्य नव्हते. पण कारण व परिणाम यांतील ही विसंगती त्यांनी झाकली नाही, हे त्यांच्या निरीक्षणाचे यश होय.

वैद्यकाला मात्र या नाटकात स्थान आहे ते केवळ विनोदापुरते. तळीराम आजारी पडल्यावर डॉक्टर आणि वैद्य येतात, आणि त्यांच्या भांडणात रोगी बाजूला पडतो. प्रवेश झकास आहे, आम्हीही तो वाचताना हसलो. परंतु तळीराम मरतो तो रोगाने, सुधाकर बुडतो तो दोषाने, अशी एक वाटणी नकळत होऊन जाते. खलपात्राला शरीर आहे, नायकाला केवळ इच्छाशक्ती. म्हणूनच सुधाकर दारू सोडण्याची प्रतिज्ञा करतो तेव्हा त्याचे हात कापत नाहीत, झोप उडत नाही, भास होत नाहीत. प्रतिज्ञेचे दार उघडले की मनुष्य बाहेर.

आणि तरीही याच ठिकाणी नाटककाराच्या हातून नाटकातील सर्वांत सत्य प्रसंग लिहिला गेला आहे. प्रतिज्ञा केलेला सुधाकर जुन्या परिचितांकडे काम मागावयास जातो, आणि त्याच्या पदरी उपहास पडतो. दारुड्यावर विश्वास कोण ठेवणार! तेथून तो परततो तो पुन्हा प्याल्याकडेच. उपदेशक पहिल्या प्याल्याविषयी बोलतात. आम्हांस या दुसऱ्या पहिल्या प्याल्याविषयी बोलावेसे वाटते. तो घेताना सुधाकराची निवड नव्हती असे नाही. पण ती निवड जिथे घडली तिथे इतरांचीही निवड घडलेली होती, आणि त्या सभ्य गृहस्थांपैकी कोणीच प्याला घेतलेला नव्हता.

याच नाटकात दुसराही एक पिणारा आहे, त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. प्रेमभंगाच्या दुःखाने तळीरामाच्या आर्यमदिरामंडळात येऊन पोहोचलेला भगीरथ रामलालच्या सहवासात दारू सोडतो आणि सुटलेलाच राहतो. दोघांच्या दृढनिश्चयात फार अंतर आहे असे संहितेवरून दिसत नाही. अंतर आहे ते निश्चय केल्यानंतर कोणाचे दार उघडे होते यात.

व्यसनाला रोग म्हणण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील बेंजामिन रश यांनी १७८४ साली व ब्रिटनमधील थॉमस ट्रॉटर यांनी १८०४ साली ती मांडली. अमेरिकन वैद्यक संघटनेने १९५६ साली मद्यासक्ती हा आजार असल्याचे मान्य केले. याच्या विरोधातही विद्वान उभे राहिले. हर्बर्ट फिंगारेट यांनी १९८८ साली रोगाची ही कल्पना म्हणजे मिथक असल्याचे प्रतिपादन केले. परंतु पुस्तकी वादापेक्षा आम्हांस महत्त्वाचे वाटते ते ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या बंधुसंघाचे आचरण. १९३५ साली ख्रिस्ती नवजागृतीच्या एका चळवळीतून निघालेला हा संघ १९५७ पासून भारतात आहे. आपल्याकडे पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’नेही व्यसनी माणसाकडे रुग्ण म्हणूनच पाहिले. गंमत अशी की संघाचे सदस्य स्वतःस आजारी म्हणवितात, आणि त्याच दमात आपल्या दोषांची यादी करतात, ज्यांना दुखावले त्यांच्याकडे जाऊन भरपाई करतात. मधुमेहाच्या रोग्याला कोणी असे करावयास सांगत नाही. म्हणजे रोग हा शब्द येथे जबाबदारी टाळण्यासाठी योजलेला नसून ती पेलता यावी म्हणून योजलेला आहे. ‘मी नालायक आहे’ म्हणणारा मनुष्य हात टेकतो. ‘मी आजारी आहे’ म्हणणाऱ्याला निदान उपचाराला जावे लागते.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कन्फेशन्स’मध्ये यावर फार सूक्ष्म विचार केला आहे. वाकड्या इच्छेतून वासना, वासनेच्या सेवेतून सवय, आणि सवयीला विरोध न केल्याने ती गरज बनते, अशी साखळी ते आठव्या भागात दाखवितात. पहिली कडी आपण घडवितो, शेवटची आपल्याला बांधते. निवड की रोग, या प्रश्नाचे उत्तर साखळीच्या कोणत्या कडीवर बोट ठेवले आहे त्यावर अवलंबून राहते. नवव्या भागात त्यांनी आपल्या आईची हकीकत दिली आहे. मोनिका लहान असताना पिंपातून द्राक्षारस काढावयास जाई. प्रथम ओठ लावण्यापुरता, मग रोज थोडा अधिक, असे करता करता ती पेले रिचवू लागली. एके दिवशी भांडणात दासीने तिला ‘दारुडी’ म्हटले आणि त्या एका शब्दाने ती सावरली. ज्या शब्दाने मोनिका तरली त्याच शब्दाने सुधाकर बुडाला. तेव्हा हा शब्द औषध म्हणून वापरणाऱ्याने साखळी कुठवर आली आहे हे आधी पाहावे. मोनिका कोवळ्या वयाची होती, तिच्यापाशी घर होते, आणि तिची सवय अजून गरज झालेली नव्हती.

आमच्या प्रश्नाला सर्वांत जवळचा शास्त्रपाठ योहानाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात आहे. अडतीस वर्षे पडून असलेल्या त्या मनुष्याला प्रभू येशू विचारतो की बरे होण्याची तुझी इच्छा आहे काय. रोग निर्विवाद आहे, तरी प्रश्न इच्छेलाच आहे. आणि त्या मनुष्याचे उत्तर इच्छेविषयी नाहीच. मला तळ्यात नेऊन सोडील असे माझे कोणी नाही, अशी त्याची तक्रार आहे. या उत्तरावर पुष्कळ प्रवचनांत टीका होते, तो सबबी सांगतो असे म्हटले जाते. प्रभूने त्याची सबब खोडून काढलेली नाही. त्याने त्याला उभे राहावयास सांगितले, आणि नंतर मंदिरात पुन्हा गाठून पाप न करण्याविषयी बजाविलेही. हा क्रम उपदेशकांनी लक्षात घ्यावा. करिंथकरांच्या पत्रातही मद्यप्यांचा उल्लेख दहाव्या वचनात आहे, आणि अकराव्यात प्रेषित सांगतो की तुमच्यापैकी काही जण तसेच होते. ते मंडळीत बसलेले होते.

आता नाटकावरील आमचा मुख्य आक्षेप. नशेत सुधाकर बाळाचा जीव घेतो, सिंधूला प्राणघातक मारतो. मरता मरता सिंधू पतीला वाचविण्यासाठी आपल्या मृत्यूचे कारण लपविते आणि नाटक तिच्यापुढे हात जोडते. सिंधूचे दळण, तिचे मौन, तिची निष्ठा यांनी तीन पिढ्यांचे डोळे पाणावले. परंतु ख्रिस्ती सेवकाने हा आदर्श कोणाही स्त्रीपुढे ठेवू नये असे आम्ही स्पष्टपणे म्हणतो. नवरा रुग्ण आहे असे मानले म्हणून मार हा रोगाचा भाग म्हणून सोसावयाचा नसतो. साथीच्या रोग्याचीही सेवा करताना मुले वेगळी ठेवावी लागतात. गोडादऱ्यातील एखादी भगिनी धर्मशिक्षकाला ‘कसं तरी निभावून नेते, भाऊ’ असे सांगते तेव्हा तिच्या सहनशीलतेची स्तुती करणे म्हणजे सिंधूला पुन्हा एकदा मरू देणे होय. तिला व मुलांना रात्री जाता येईल असे एखादे घर मंडळीत आहे काय, हे त्याने पाहावे. नाटकात पद्माकर बहिणीला माहेरी न्यावयास तयार असतो, आणि तिचा नकार हा तिचा मोठेपणा ठरतो. पद्माकराची बाजू कोणीतरी पुन्हा लिहिली पाहिजे.

एक व्यावहारिक सूचनाही करणे भाग आहे. प्रार्थनासभेत भावनेच्या भरात शपथ घ्यावयास लावून त्याच रात्रीपासून दारू बंद करविण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. दीर्घकाळ रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू थांबविली तर पहिल्या काही दिवसांत त्याला झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. शपथेच्या आधी डॉक्टर हवा. सुरतेच्या नवीन सिव्हिल रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. रुग्णाला तेथे घेऊन जाणे, रांगेत त्याच्याबरोबर बसणे, हेही धर्मशिक्षकाचे काम समजावे.

‘प्याला’ हा शब्द आपल्या मराठी शास्त्रात गेथशेमानेत येतो, प्रभुभोजनातही येतो. या दुसऱ्या प्याल्याबाबत चर्चने स्वतःच काही मान्य केलेले आहे. थॉमस वेल्च या मेथडिस्टाने १८६९ साली न आंबलेला द्राक्षरस तयार केला तो याच कामासाठी, आणि अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या तो वापरतात. कॅथलिक धर्मगुरूला व्यसनाच्या कारणाने बिशपांच्या परवानगीने जवळजवळ न आंबलेला द्राक्षरस वापरता येतो. वेदीपाशी आपण जे ओळखले ते घरभेटीत विसरू नये.

मंडळीच्या वार्षिक मेळाव्यात ‘एकच प्याला’तील प्रवेश करण्याची इच्छा असेल तर शेवटचा अंक निवडू नये अशी आमची विनंती आहे. काम मागणाऱ्या सुधाकराचा प्रवेश घ्यावा, आणि त्याला हसून परत पाठविणाऱ्यांच्या भूमिका मंडळीच्या पंचांनी कराव्यात.