पोथी वाचून आलेला पाहुणा

होडी सरोवराच्या मधोमध आली आहे. इत्झांचा राजा ‘कान एक’ समोर बसलेल्या पाहुण्याच्या छातीवर हात ठेवतो आणि विचारतो, जिवाला धास्ती वाटतेय का? पाहुणा म्हणजे फ्रान्सिस्कन पाद्री आंद्रेस दे आवेंदान्यो इ लोयोला. तो सांगतो, धास्ती कसली? तुमच्याच भाकितात लिहिलेलं माझ्या हातून पुरं होतंय, मी आनंदात आहे.

जानेवारी १६९६ मधला हा प्रसंग. आवेंदान्यो त्याच वर्षी युकातानमधल्या मेरिदाला परतला आणि तिथे त्याने आपल्या दोन मोहिमांचा वृत्तान्त लिहून काढला. आज त्याचे हस्तलिखित शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे. होडी निघाली होती नोहपेतेनकडे. पेतेन इत्झा सरोवरातले हे बेट इत्झांची, म्हणजे मायांच्या शेवटच्या स्वतंत्र राज्याची राजधानी. आजच्या ग्वातेमालातले फ्लोरेस हे गाव त्याच बेटावर वसले आहे. या जलदुर्गाची खरी तटबंदी म्हणजे भोवतीचे खोल पाणी आणि त्यापलीकडचे कित्येक दिवसांच्या वाटेचे जंगल. १५२५ मध्ये स्पॅनिश सेनानी कोर्तेस इथून गेला आणि आपला एक लंगडा घोडा मागे ठेवून गेला. १६१८ मध्ये दोन पाद्री आले, तोवर त्या घोड्याची मूर्ती होऊन तिची पूजा चालू होती. त्यांच्यातल्या ओर्बिताने ती फोडली. ‘आमची वेळ अजून आलेली नाही,’ असे सांगून इत्झांनी त्या दोघांना वाटेला लावले.

आवेंदान्यो येतो तो नेमका या ‘वेळे’वर बोट ठेवायला. त्याने युकातानची माया भाषा शिकून घेतली होती आणि मायांच्या पोथ्यांचा अभ्यास केला होता. झाडाच्या सालीचा घडीघडीचा कागद, दोन्ही अंगांनी रंगवलेली चित्रे आणि खुणा, त्यांत दिवस-महिन्यांची मोजदाद आणि पुढच्या युगांची भाकिते: या पोथ्यांचे त्याने केलेले वर्णन मोजके आहे, पण नजर पारखी आहे. मायांचा कातुन ७,२०० दिवसांचा. असे तेरा कातुन फिरून यायला सुमारे २५६ वर्षे लागतात, आणि दर कातुनाचे फळ ठरलेले. ‘आठ अहाऊ’ हा कातुन इत्झांच्या परंपरेत राज्ये उलथण्याचा, घरदार सोडण्याचा. १६९६-९७ च्या सुमारास तोच पुन्हा सुरू होणार होता. आवेंदान्यो पुजाऱ्यांसमोर बसून हा हिशोब मांडतो, आणि वृत्तान्ताचा प्राण इथेच आहे. त्याच्या हाती शस्त्र नाही. समोरच्याच्या पोथीतली तिथी त्याच्यापुढे ठेवून तो म्हणतो, आता बोला. पुजारी हिशोब पडताळून पाहतात. हिशोब चुकीचा आहे असे कुणी म्हणत नाही, फक्त चार महिने कमी भरतात. चार महिन्यांनी या, आम्ही बाप्तिस्मा घेऊ.

हे उत्तर मी पुन्हापुन्हा वाचले आहे. शरणागती आहे की मुत्सद्देगिरी? आवेंदान्योला तो आपला विजय वाटतो, आणि तसे तो लिहितोही. पण त्याच्याच वाक्यांच्या आडून कान एकची कोंडी दिसत राहते. राजाच्या भाच्याने, आह चानने, डिसेंबर १६९५ मध्ये मेरिदाला जाऊन स्पॅनिश गव्हर्नरपुढे मैत्रीचा हात केला होता. इकडे सरोवराच्या उत्तरेकडचे कोवोह हे माया लोक उघड विरोधात होते. त्यांचा नायक बेटावर येतो आणि तोंडावर सुनावतो. राजाचे स्वतःच्या गावावरही पुरते चालत नाही, हे आवेंदान्यो कुठे स्पष्ट लिहीत नाही, पण एकेका भेटीतून ते आपल्याला कळत जाते. लेखकाला जे सांगायचे नव्हते, तेही त्याच्या कागदावर उतरले आहे.

बेट तो डोळे उघडे ठेवून पाहतो, हे त्याचे मोठेपण. राजाच्या घरात दगडी मेज आहे, भोवती पुजाऱ्यांची बारा आसने. जवळच चौकात एक दगडी स्तंभ आहे, त्याच्या पश्चिम अंगाला मुखवटा. हा स्तंभ म्हणजे जगातला पहिला वृक्ष, असे तो नोंदवतो. मूर्तिपूजेचा तिटकारा त्याच्या शब्दांत आहेच, तरी स्तंभाचा चौथरा कसा, मुखवटा कुठल्या दिशेला, हे लिहायचे तो सोडत नाही. मुक्कामाच्या चार दिवसांत त्याने तीनशेवर मुलांना बाप्तिस्मा दिला. हा आकडा त्याला फार मोलाचा वाटतो. मला त्या स्तंभाच्या ओळी त्याहून मोलाच्या वाटतात.

पुढचा भाग वेगळ्याच सुरात येतो. कोवोहांचा घाताचा बेत कळताच कान एक आवेंदान्योला आणि त्याच्या सोबतच्या पाद्र्यांना होडीतून पूर्व किनाऱ्याकडे रवाना करतो. ते वाट चुकतात, उपाशी फिरतात, एक सोबती दगावतो. या अवस्थेत आवेंदान्यो उंच जुन्या इमारतींपाशी पोचतो आणि अंगात त्राण नसताना वर चढून आतला गिलावा पाहतो. काही अभ्यासकांच्या मते ते तिकाल असावे. भुकेने कासावीस झालेला माणूस भिंतीचा गिलावा टिपून ठेवतो, म्हणून त्याच्या बाकीच्या निरीक्षणांवरही विश्वास बसतो.

आणि तरीही तो निष्पाप नाही. १६९५ च्या पहिल्या मोहिमेत सैनिकांची लूटमार पाहून तो फौज सोडून परतला होता. बंदुकीने राज्य घ्यावे हे त्याला पसंत नव्हते. पण ‘वेळ आली आहे’ हे वाक्य त्यानेच मेरिदाला आणून दिले. चार महिने उलटले, आणि इत्झांनी शब्द मोडला असे म्हणायला गव्हर्नर मार्तीन दे उर्सुआला निमित्त मिळाले. १३ मार्च १६९७ च्या सकाळी किनाऱ्यावर बांधलेली वल्ह्यांची मोठी नौका घेऊन त्याने बेटावर हल्ला केला. बाणांचा वर्षाव झाला, बंदुका झडल्या, लोक पाण्यात उड्या घेऊन पळाले. मग शिपायांनी देवळांतल्या मूर्ती फोडल्या.

कान एक पुढे पकडला गेला आणि ग्वातेमालाच्या सांतियागो शहरात नेऊन कैदेत ठेवला गेला. पकडल्यानंतरची त्याची जबानी उपलब्ध आहे, पण ती शत्रूच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे आहेत. राजा म्हणून, आपल्या होडीत, आपल्या पाण्यावर बोलणारा कान एक ऐकायचा असेल, तर आवेंदान्योचीच पाने वाचावी लागतात.