शब्दांची मुदतठेव

इंग्रजीत दरवर्षी नव्या शब्दांचे पीक येते आणि ऑक्सफर्डवाले त्यातल्या एकाला 'वर्षाचा शब्द' म्हणून हारतुरे घालतात. बँकेतल्या बी.कॉम. कारकुनाने यात पडू नये, असे आपण म्हणाल. पण दिवसभर लोकांच्या सह्या तपासणाऱ्याने चार शब्द तपासले तर बिघडले कुठे?

२०२२ चा मानकरी 'गॉब्लिन मोड'. अर्थ काय, तर कुणाची भीडभाड न बाळगता आळसात लोळत पडणे. आमच्याकडे याला रविवार म्हणतात. २०२३ चा 'रिझ'. 'करिझ्मा'चे डोके आणि शेपूट छाटून उरलेला. वसईच्या बाजारात सुरमईचाही मधला तुकडाच महाग, तेव्हा माझी तक्रार नाही. २०२४ चा 'ब्रेन रॉट', म्हणजे मेंदू कुजणे. हा मात्र नवा नव्हेच! थोरोच्या १८५४ सालच्या 'वॉल्डन'मध्ये तो सापडतो. १७० वर्षांची मुदतठेव. वारसांनी पावती शोधून वटवली, इतकेच.

माझ्या पुतण्याला हे सगळे तोंडपाठ. अर्थ विचारला की म्हणतो, "काका, तुम्हाला नाही कळायचं." खरे आहे. काकाला कळू नये म्हणूनच तर ही बोली असते! विरार लोकलमधली आमची 'फोर्थ सीट' तरी परक्याला कुठे कळते? पण तिथे कुणीतरी "जरा सरका हो" म्हणतो आणि अर्ध्या बुडाला जागा मिळते.

पोर्तुगीज वसईत १५३४ ते १७३९ होते. ते गेले, किल्ला ढासळला, पण पगार, चावी, बटाटा, पाव हे शब्द मराठीत राहिले. त्यांना कुणी हार घातला नव्हता. रोज लागत होते, म्हणून टिकले.

खरी भीती मला 'रिझ'ची नाही. त्याच्यावाचून कुणाचे पैसे अडत नाहीत. भीती वाटते ती आमच्याच खिडकीतल्या शब्दांची. आगाशीकडची भाजीवाली आजी "लेकाचा पगार जमा झाला का रे?" असे खणखणीत विचारते. पण "केवायसी करा" म्हटले की पदर सावरून गप्प होते. पुन्हा विचारायची तिला लाज वाटते. स्वतःच्या पैशापुढे माणसाला मान खाली घालायला लावणारा शब्द मला तरी बनावट सहीसारखा वाटतो.

म्हणून मी सांगतो, "आजी, आधार कार्ड आणि पॅन कार्ड घेऊन या, पत्ता तपासायचाय." चार शब्द जास्त खर्च होतात, पण व्याज जागच्या जागी मिळते:

"एवढंच होय रे बाबा! मग सकाळपासून इंग्रजीत कशाला घाबरवत होतास?"