धूसर मॅगझिनमधली वीस काडतुसं

नारायण पेठेत बंदोबस्ताचे दिवस ठरलेले असतात. मानाचा पाचवा, केसरीवाड्याचा गणपती निघाला की गल्लीच्या तोंडाशी राखीव दलाचा एखादा जवान रायफल घेऊन उभा असतो. गर्दीचं लक्ष ढोल-ताशाकडे, माझं त्या रायफलीकडे. कधी जुनी एसएलआर दिसते, कधी इन्सास. इन्सास लांबूनही कळते, कारण तिचं मॅगझिन धूसर, अर्धपारदर्शक प्लास्टिकचं. भरलेलं असेल आणि त्यावर ऊन पडलं, तर आतली पितळी काडतुसं दिसतात, दोन रांगांत एकाआड एक बसलेली. मावतात वीस.

या रायफलीतली सर्वांत देखणी कल्पना कुठली, असं विचारलंत तर मी या मॅगझिनकडे बोट दाखवीन. पोलादी मॅगझिनमध्ये किती गोळ्या उरल्या हे शिपायाला मनात मोजावं लागतं, आणि समोरून फायर येत असताना कुणाचा हिशेब जाग्यावर राहतो? ऑस्ट्रियाच्या स्टायर ऑग रायफलीने 1970च्या दशकातच पारदर्शक मॅगझिन आणलं होतं. आपल्या लोकांनी ती युक्ती उचलली आणि शिपायाच्या डोक्यावरचं एक ओझं कमी केलं. नेमकं हेच मॅगझिन 1999च्या उन्हाळ्यात कारगिलच्या थंडीत तडकत असल्याच्या तक्रारी आल्या.

शस्त्रात कसला आलाय रस, असं म्हणणारे भेटतात. त्यांना काडतुसाची बाजू सोडून द्यायला सांगावं आणि फक्त यंत्र बघायला सांगावं. रायफलीत शोभेचं काहीच नसतं. प्रत्येक खाच, प्रत्येक उतार कुणीतरी कशाला तरी घाबरून केलेला असतो: धुळीला, थंडीला, घाईला, थरथरत्या हाताला. कोणती भीती कुठे दिसते हे शोधत गेलं की आखणाऱ्याचं मन कळू लागतं. आणि कुठे त्याला भीती वाटायला हवी होती पण वाटली नाही, हेही कळतं.

इन्सास पुण्याचीच. पाषाणच्या एआरडीईत, म्हणजे 1958 साली सुरू झालेल्या शस्त्रास्त्र संशोधन आणि विकास संस्थेत, 1980च्या दशकात तिचा आराखडा झाला. रायफल, लाइट मशीनगन आणि कार्बाइन अशा तिघी आखायच्या आणि तिघींना 5.56 मिलिमीटरचं एकच काडतूस चालवायचं, असा बेत होता. कार्बाइन सैन्यात रुजली नाही, बाकी दोघी आल्या. यायला मात्र वेळ लागला. काश्मीर पेटलं तेव्हा रायफल तयार नव्हती, म्हणून 1990च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्व युरोपातून एके जातीच्या रायफली मागवाव्या लागल्या. 1998च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात इन्सास लोकांसमोर आली आणि पुढच्याच वर्षी थेट युद्धात गेली.

तिने जागा घेतली ती 1ए1ची. सगळे तिला एसएलआरच म्हणतात. 7.62 मिलिमीटरचं दणदणीत काडतूस, चाप एकदा ओढला की एक गोळी, पुढची आपोआप चेंबरमध्ये. मूळ बेल्जियमची एफएन फाल. 1962च्या चीन युद्धानंतर इशापूरच्या रायफल फॅक्टरीने बेल्जियन, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन नमुने समोर ठेवून आपली आवृत्ती काढली. गंमत अशी, की तिचे सगळे भाग ना मेट्रिक मापाच्या फालला लागतात, ना इंचाच्या मापाच्या. रायफल दणकट निघाली, पोलिसांच्या खांद्यावर आजही दिसते. पण सुट्या भागांच्या बाबतीत ती जगात एकटी पडली. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण इन्सासचं दुखणं त्याच अंगाचं आहे.

सैन्याच्या शस्त्रप्रदर्शनात इन्सास हातात मिळते. मॅगझिनशिवाय चार किलोंच्या किंचित वर. पहिली गोष्ट जाणवते ती कॉकिंग हँडलची जागा. ते डावीकडे, पुढे, नळीच्या वरच्या अंगाला आहे, जर्मनीच्या हेकलर अँड कॉख रायफलींवर असतं तसं. एकेवर ते उजवीकडे असतं, त्यामुळे कॉक करताना उजवा हात चापावरून काढावा लागतो, नाहीतर डावा हात खालून वळवावा लागतो. इथे उजवा हात पिस्तुल ग्रिपवर तसाच राहतो आणि डावा आपलं काम करून परत येतो. चाल लहान आहे, पण अंधारात हजार वेळा करायची आहे.

आतलं काम एकेच्या घराण्याचं. गोळी नळीतून जाताना मागचा थोडा गॅस वरच्या भोकातून पिस्टनवर येतो, पिस्टनला जोडलेला बोल्ट कॅरियर मागे जातो, बोल्ट फिरून सुटतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते. हा गॅस किती घ्यायचा हे ठरवणारा रेग्युलेटर मात्र फालच्या वळणाचा. रायफल घाणीने जड चालू लागली तर गॅस वाढवता येतो, नळीच्या तोंडावरून ग्रेनेड सोडायचा असेल तर पूर्ण बंद करता येतो. एकेमध्ये असं काही नाही; तिथे भरपूर गॅस आणि ढिलं फिटिंग एवढ्यावर भागतं. इन्सास आखणाऱ्यांनी एकेचा जोर घेतला आणि फालचा नेमस्तपणाही घेतला.

मला सर्वांत आवडतो तो दस्ता. त्याच्या टोकाची धातूची पट्टी थेट जुन्या ली-एनफील्डवरून आलेली आहे. पट्टीवर एक छोटं झाकण असतं. नखाने उचललं की आत पोकळी, आणि त्या पोकळीत तेलाची कुपी नि नळी साफ करायचा पुल-थ्रू. पहिल्या महायुद्धातल्या मराठा पलटणीच्या शिपायाला या रायफलीतला एवढा एक भाग तरी नक्की ओळखता आला असता. इशापूरने पिढ्यान्पिढ्या ली-एनफील्ड बनवली. हात बसलेला होता, आणि ग्रेनेड सोडताना दस्ता जमिनीवर टेकवायचा तर पट्टी मजबूत हवीच. एवढी उसनवारी पाहून काहीजण इन्सासला नावं ठेवतात. मला ते पटत नाही. एके आखणाऱ्या कलाश्निकोव्हनेही इकडून-तिकडून घेतलंच होतं. उसनं घेण्यात कमीपणा नाही. घेतलेले भाग एकमेकांशी जमतात का, एवढं बघायचं, आणि पाषाणच्या कागदावर ते जमलेले दिसतात. ज्यांनी ही रायफल चालवली त्यांच्यातले बरेच तिच्या अचूकपणाबद्दल आणि कमी धक्क्याबद्दल चांगलं बोलतात, तेही विसरू नये.

आता निवडखटका. पिस्तुल ग्रिपच्या वर, डाव्या बाजूला, अंगठ्याखाली. सेफ, सिंगल आणि तीन गोळ्यांचा बर्स्ट. पूर्ण ऑटोमॅटिक ठेवलेलंच नाही. हा त्या काळचा जागतिक विचार होता. व्हिएतनाममध्ये घाबरलेल्या शिपायांनी अख्खी मॅगझिनं हवेत रिकामी केल्यावर अमेरिकेनेही 1980च्या दशकात आपल्या एम16ए2 रायफलीत तीनचीच मर्यादा घातली. विचार शहाणपणाचा, पण त्याची किंमत आतल्या यंत्रणेला मोजावी लागते. सिंगलमध्ये काम सोपं असतं: गोळी सुटल्यावर एक आकडा घोड्याला धरून ठेवतो, चाप सोडल्याशिवाय पुढची गोळी नाही. बर्स्टसाठी यंत्राला मोजता यावं लागतं. त्यासाठी दातेरी चक्र, ते एक-एक दात पुढे सरकवणारी पट्टी आणि हलक्या स्प्रिंगा लागतात. एम16ए2मध्ये तर ही मोजणी मधेच तुटली तर पुन्हा शून्यावर येत नाही. दोन गोळ्यांवर चाप सोडला की पुढच्या ओढीला एकच सुटते. असे लहान-लहान भाग रायफलीत वाढले की दात किती खोल कापला, स्प्रिंग किती ताठ निघाली, पोलादाला किती पाणी दिलं, यावर सगळं येऊन ठेपतं.

कारगिलच्या तक्रारी या नजरेने वाचल्या तर तीन वेगळ्या दोषांऐवजी एकच स्वभाव दिसू लागतो. मॅगझिन थंडीत तडकलं. बर्स्टवर ठेवलेली रायफल कधीकधी न थांबता सुटत राहिली. आणि फायर करताना तेल उडून नेमबाजाच्या डोळ्यांत गेलं. प्लास्टिक कडाक्याच्या थंडीत ठिसूळ होतं हे रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही ठाऊक असतं. कारगिलच्या लढाईतलं टायगर हिल 5,062 मीटर उंच आहे हे भूगोलाच्या पुस्तकात असतं. पण मॅगझिन साच्यातून काढताना ओतकाम कसं झालं, भिंत कुठे पातळ राहिली, हे पुस्तकात नसतं. ते कारखान्याच्या मजल्यावर ठरतं. मोजणाऱ्या दात्यांचंही तसंच, आणि तेल मागे येऊ देणाऱ्या फटीचंही. कल्पना तिन्ही ठिकाणी बरोबर होती. मिलिमीटरच्या शेवटच्या शंभराव्या भागाला घात झाला.

इथे मला केसरीवाड्याजवळ राहण्याचा थोडा फायदा होतो. केसरीवाल्या टिळकांनी देवनागरी छपाईच्या खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी डोकं घातलं होतं, हे अनेकांना माहीत आहे. पण खिळा सुंदर आखला म्हणून पान छापून निघत नाही. जुळाऱ्याच्या हाती येणारा प्रत्येक खिळा उंचीला केसाएवढाही कमी-जास्त चालत नाही. एक खिळा बसका निघाला तर अक्षर फिकं उठतं, एक उंच निघाला तर कागद फाटतो, आणि वाचक शिव्या घालतो त्या संपादकाला. रायफलीचा प्रत्येक भाग असा खिळा आहे. फरक इतकाच, की इथे चूक कळते ती शिपायाला, आणि तीही भलत्या वेळी.

इन्सासचे खिळे तीन ठिकाणी ओतले जात: इशापूर, कानपूर आणि तिरुचिरापल्ली. आराखडा डीआरडीओचा (एआरडीई तिचीच), उत्पादन आयुध निर्माणी मंडळाचं, तपासणी डीजीक्यूए या गुणवत्ता खात्याची. तिन्ही संरक्षण मंत्रालयाच्याच छताखाली. आणि गिऱ्हाईक, म्हणजे लष्कर, दुसऱ्या दुकानात जायला मोकळं नव्हतं. पिंपरी-चिंचवडच्या कुठल्याही वर्कशॉपमधल्या पोराला विचारा, गो-नो गो गेज म्हणजे काय ते तो झोपेतही सांगेल: एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. गेज सगळीकडे असतात. प्रश्न असतो तो गेज झिजलं की बदलतो कोण, लॉट रिजेक्ट झाला तर महिनाअखेरच्या आकड्याचं काय होतं, आणि आराखडा करणाऱ्याला खालच्या मजल्यावरचा रिजेक्शनचा ढीग कधी दाखवला जातो का, हा. ज्या कारखान्याला मोटारगाड्यांच्या कंपन्यांना माल द्यायचा असतो, तिथे असा ढीग दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या टेबलावर पोहोचतो. नाही पोहोचला तर गिऱ्हाईकच जातं.

काडतुसाचाही वाटा असतो, तो बाजूला ठेवून रायफलीला दोष देणं अन्यायाचं होईल. गॅसवर चालणारं शस्त्र काडतुसाच्या दाबावर जगतं. एका लॉटची दारू जरा मंद जळली की तीच रायफल अडखळते. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावला छोट्या शस्त्रांची काडतुसं बनतात, आणि दारूगोळ्याच्या तपासणीचं मोठं कार्यालय आपल्या खडकीत आहे. म्हणजे पाषाणच्या टेबलापासून वरणगावच्या भट्टीपर्यंत या रायफलीचं बरंचसं नशीब महाराष्ट्रातच लिहिलं गेलं.

पुढच्या कहाणीत फार रमण्यासारखं काही नाही. नेपाळला इन्सास दिल्या गेल्या. 2005च्या ऑगस्टमध्ये कालिकोट जिल्ह्यातल्या पिली इथे माओवाद्यांशी कित्येक तास चाललेल्या चकमकीत नेपाळी सैन्याची मोठी हानी झाली आणि रायफली नीट चालल्या नाहीत असं त्यांनी जाहीर सांगितलं. भारताकडून उत्तर आलं, की हाताळणी आणि निगा चुकली. दोन्ही बाजूंत तथ्य असू शकतं. पण निगा चुकल्यावरही चालणं हा शिपायाच्या रायफलीचा पहिला गुण असतो, आणि एकेची जगभरची कीर्ती त्या एकाच गुणावर उभी आहे. 2014-15 मध्ये नक्षलग्रस्त भागातल्या सीआरपीएफनेही इन्सास बाजूला ठेवून एके मागितल्या. 2017 साली इशापूरने नवी 7.62ची रायफल चाचणीला आणली, तीही नापास झाली. दोष नि स्टॉपेज प्रमाणाबाहेर, आणि मॅगझिन नव्याने आखावं लागेल असा शेरा. पुन्हा मॅगझिनच! त्यानंतर 2019 साली अमेरिकेच्या सिग सॉअरकडून 72,400 रायफली घेण्याचा करार झाला, आणि एके-203 अमेठीजवळच्या कोरव्याला बनवायचं ठरलं. आयुध निर्माणी मंडळ 1 ऑक्टोबर 2021 रोजी बरखास्त होऊन त्याच्या सात कंपन्या झाल्या; त्यातल्या दारूगोळ्याच्या कंपनीचं मुख्यालय पुण्यातच आहे.

पाषाणवाले स्वस्थ बसलेले नाहीत. 8 जानेवारी 2024 रोजी एआरडीईने उग्रम नावाची 7.62ची रायफल समोर आणली, हैदराबादच्या एका खासगी कंपनीच्या जोडीने. वजन चार किलोंच्या आत, मॅगझिन वीस गोळ्यांचं, आणि तयार झाली शंभर दिवसांच्या आत, असं तिच्याबद्दल अभिमानाने सांगितलं गेलं. फोटोत ती देखणी दिसते. मला त्या शंभर दिवसांचं कौतुक बेताचंच आहे. ती हजारांनी बनू लागली, की कुठलंही मॅगझिन कुठल्याही उग्रममध्ये ठोकल्याशिवाय बसतं का आणि बोट लावताच सुटतं का, हे मला बघायचंय.