‘ग्रीन’ सॉल्व्हंट, पण कशाच्या तुलनेत?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्या सिनॉप्सिसमध्ये ‘ग्रीन’ हा शब्द नऊ वेळा आला होता. गाईडनी प्रत्येकाखाली पेन्सिलने एकच प्रश्न लिहिला : ‘कशाच्या तुलनेत?’ त्यानंतर मी माझ्या विषयातले आवडते पेपर पुन्हा वाचायला घेतले. त्यातल्याच एकाबद्दल आज लिहितेय.

आधी अडचण समजून घेऊ. तेल आणि मिथेनॉल यांची अल्कलीच्या मदतीने क्रिया केली की बायोडिझेल आणि ग्लिसरॉल तयार होतं. ग्लिसरॉल जड, ते खाली बसतं. पण सगळं नाही. वरच्या कच्च्या बायोडिझेलमध्ये थोडं ग्लिसरॉल, मिथेनॉल, साबण आणि कॅटॅलिस्ट उरतोच. आयएस १५६०७ या भारतीय मानकानुसार मुक्त ग्लिसरॉल ०.०२ टक्क्यांपर्यंतच चालतं, म्हणजे किलोमागे फक्त ०.२ ग्रॅम. नेहमीचा उपाय म्हणजे पाण्याने धुणं. मी चंदनसारला राहते. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या माणसाला हा उपाय पटणं कठीणच! शिवाय धुतलेलं पाणी साबण आणि मिथेनॉल घेऊन बाहेर पडतं, ते तसंच गटारात सोडता येत नाही.

इथे डीप युटेक्टिक सॉल्व्हंट, म्हणजे डीईएस, कामाला येतो. कोलीन क्लोराइड हे कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ते स्वस्त मीठ. ते ग्लिसरॉलबरोबर १:१ मोल प्रमाणात मिसळलं की त्या मिश्रणात आणखी ग्लिसरॉल सामावून घ्यायला जागा राहते. अर्धवट पिळलेल्या स्पंजसारखं. अँड्र्यू अ‍ॅबट आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ही कल्पना दाखवली. २०१० मध्ये मलाया विद्यापीठाच्या हय्यान, मजाली वगैरेंनी ती पाम तेलाच्या बायोडिझेलवर वापरली. त्यांचा निष्कर्ष असा : डीईएस आणि बायोडिझेल १:१ मोल घेतलं की ग्लिसरीन युरोपियन आणि अमेरिकन मानकांत बसतं.

कल्पना सुंदर आहे, हे आधी कबूल करते. ग्लिसरॉल काढायला ग्लिसरॉलच वापरायचं! पण आता कॅल्क्युलेटर काढा.

कोलीन क्लोराइड सुमारे १४० आणि ग्लिसरॉल ९२, म्हणजे जोडीचं वजन २३२. बायोडिझेलला ढोबळमानाने मिथाइल ओलिएट धरलं तर २९६. म्हणजे एक किलो बायोडिझेलला जवळजवळ ७८० ग्रॅम डीईएस. पण डीईएसचा ‘मोल’ काढताना दोन्ही घटकांची सरासरी घेतली, तर हाच आकडा ३९० ग्रॅम होतो. शब्द तोच, खर्च दुप्पट! म्हणून ‘१:१’ वाचलं की पहिला प्रश्न : मोल कशाचा?

कच्च्या बायोडिझेलमध्ये किलोमागे १० ग्रॅम ग्लिसरॉल आहे असं समजा. ७८० ग्रॅमवाल्या हिशोबात डीईएस १:२ प्रमाणापर्यंत भरायला सुमारे ३१० ग्रॅम ग्लिसरॉल लागेल. म्हणजे कागदावर तरी तोच डीईएस पुन्हा पुन्हा वापरता यायला हवा. म्हणून दुसरा प्रश्न : कितव्या फेरीपर्यंत वापरून दाखवलाय? आणि भरल्यावर काय? ग्लिसरॉल २९० अंशांना उकळतं, ते ऊर्ध्वपातनाने काढणं महाग. अ‍ॅबट यांच्या प्रयोगात ब्युटॅनॉल घालून कोलीन क्लोराइडचा काही भागच परत मिळाला. वाचवलेल्या पाण्याच्या जागी दुसरं सॉल्व्हंट आलं, तर त्याचाही हिशोब मांडायला नको का?

तिसरा मुद्दा तेलाचा. २०१० च्या पेपरचा सारांश मानकांचा दावा ग्लिसरीनपुरताच करतो. उरलेल्या कॅटॅलिस्टवर त्याच गटातल्या काहींनी २०११ मध्ये वेगळं काम केलं, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. पण तेलही पाम. आपल्याकडे खरा प्रश्न वापरलेल्या तेलाचा आहे. ते बायोडिझेलकडे वळवण्यासाठी एफएसएसएआयने २०१८ मध्ये ‘रुको’ उपक्रम सुरू केला. तळून तळून तेलात मुक्त मेदाम्लं वाढतात आणि अल्कलीबरोबर त्यांचा साबण होतो. मी एकदा वडापावच्या गाडीवरचं तेल आणून थेट अल्कलीने क्रिया केली. धुताना फनेलमध्ये सगळं दुधासारखं झालं, सकाळपर्यंत थर सुटेनात. अशा तेलावर डीईएस किती टिकतो, हे ताज्या पाम तेलावरून ठरवता येणार नाही.

माझं मत : वेगळं करण्याची पद्धत म्हणून हे काम भक्कम आहे, ‘ग्रीन’ म्हणून अर्धवट सिद्ध झालेलं. त्याला पूर्ण करायला पाण्याची धुणी, आयन-एक्स्चेंज रेझिन आणि डीईएस एकाच तेलावर शेजारी शेजारी ठेवून पाणी, ऊर्जा आणि परत मिळालेलं सॉल्व्हंट मोजावं लागेल. इंधनात क्लोराइड उरतं का, हेही तपासावं लागेल.

पेट किंवा सिनॉप्सिसची तयारी करणाऱ्यांनो, रिसर्च गॅप ‘अजून कोणी केलं नाही’ एवढ्यातच शोधू नका. जे केलंय, त्याचा हिशोब कुठे थांबलाय ते बघा. माझ्या नव्या सिनॉप्सिसमध्ये ‘ग्रीन’ एकदाच आहे, आणि त्याच्या पुढे तक्ता आहे.