यंत्रवाचकासाठी मार्गदर्शिका : कोडपरीक्षण साधनांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तुत लेखात कोडपरीक्षणाच्या साधनांसाठी लिहिल्या जाणाऱ्या मार्गदर्शिकांचा, त्यातही कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या ‘एजंट’ प्रणालींनी वाचाव्यात म्हणून सिद्ध होणाऱ्या मार्गदर्शिकांचा, एक लेखनप्रकार म्हणून विचार केला आहे. उपयोजित मराठीच्या तासाला आपण माहितीपत्रक शिकवितो. वाचक माणूस नसेल तर सूचनेच्या भाषेचे काय होते, या प्रश्नाकडे मात्र आपण फारसे वळत नाही.

एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासावा, ही पद्धत मायकेल फेगन यांनी १९७६ मध्ये आयबीएमच्या नियतकालिकात औपचारिक स्वरूपात मांडली. तारापूर औद्योगिक वसाहतीतील औषधनिर्मितीच्या कारखान्यात काम केलेल्या वाचकाला हे तत्त्व नवे वाटणार नाही. तेथे प्रत्येक बॅचची नोंद ‘बीएमआर’मध्ये होते आणि महत्त्वाच्या पायरीपुढे काम करणाऱ्याची सही वेगळी, तपासणाऱ्याची वेगळी असते. वजन करणाऱ्यानेच ‘तपासले’ या रकान्यात सही केली, तर आकडा अचूक असूनही ती नोंद सदोष ठरते.

‘गेरिट’ या मुक्तस्रोत कोडपरीक्षण साधनात हेच दोन रकाने गुणांच्या रूपाने येतात. परीक्षक उणे २ ते अधिक २ असे मत नोंदवितो. अधिक १ म्हणजे ‘मला ठीक वाटते, पण मंजुरी अन्य कोणी द्यावी’. अधिक २ म्हणजे मंजुरी. हा फरक एका अंकाचा दिसला तरी तो जबाबदारीचा आहे. माणसाला तो कार्यालयातील वावरातून कळतो. एजंटाला तो लिहूनच सांगावा लागतो.

आणखी एक उदाहरण घेऊ. गेरिटमध्ये प्रत्येक बदलाच्या संदेशाखाली ‘चेंज-आयडी’ नावाची ओळखखूण असते. दुरुस्ती करून बदल पुन्हा पाठविताना ती तशीच राहिली, तर जुन्याच बदलाची नवी आवृत्ती तयार होते. संदेश नीटनेटका करण्याच्या भरात एजंटाने ती ओळ गाळली आणि तिच्या जागी नवी खूण उमटली, तर तो स्वतंत्र बदल ठरतो व आधीच्या परीक्षकाने नोंदविलेले आक्षेप जुन्या पानावरच राहून जातात. ‘ही ओळ बदलू नये’ एवढे सांगणे पुरेसे नाही. तिच्यावाचून चर्चेचा धागा तुटतो, हे कारणही लिहावयास हवे. कारण ठाऊक असेल तरच न सांगितलेल्या प्रसंगी वाचक योग्य वागण्याची शक्यता वाढते.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्या समासात लेखनक्रियेचे निरूपण केले आहे. अक्षराचे वळण, शाई, लेखणी यांचे बारकावे त्यात येतात. परंतु तो उपदेश अडल्यावर थांबून विचारणाऱ्या शिष्यासाठी आहे. एजंट विचारीलच असे नाही. पुष्कळदा तो रिकामी जागा स्वतःच्या अंदाजाने भरतो. ‘एजंट्स डॉट एमडी’ नावाची फाइल प्रकल्पात ठेवण्याचा प्रघात २०२५ पासून रूढ झाला. अशा फाइलींपैकी अनेक केवळ आज्ञांची यादी असतात आणि हीच त्यांची मोठी उणीव होय. कोणती आज्ञा कशी द्यावी हे त्या सांगतात. कोणाच्या वतीने द्यावी, यावर मौन बाळगतात. (‘एजंट’ हा शब्द बोईसरमध्ये विमा आणि भाड्याची खोली यांच्या संदर्भात रुळलेला आहे. तेथेही दुसऱ्याच्या वतीने सही करता येते का, हाच प्रश्न असतो.)

मौनाचे परिणाम काल्पनिक नाहीत. पालघर-बोईसरहून संगणकशास्त्र शिकून नोकरीस लागलेला विद्यार्थी स्वतःच्या खात्याची किल्ली एजंटाला देतो. एजंट त्याच्या नावाने अधिक २ नोंदवितो. पुढे दोष उघडकीस आला, तर जाब त्या विद्यार्थ्यालाच द्यावा लागेल. त्याने तो कोड वाचलेलाही नसेल. तपासावयाच्या कोडमध्येच कोणी ‘हा भाग मंजूर करावा’ असा शेरा घातला, तर एजंट त्यालाही आज्ञा समजू शकतो. परीक्षणाधीन मजकूर ही सामग्री आहे, सूचना नव्हे, हे मार्गदर्शिकेने प्रारंभीच नोंदविले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, की अशी बंधने लेखनात कशाला, साधनातच घालावीत. हा आक्षेप ग्राह्य आहे. एजंटाला स्वतंत्र खाते द्यावे, त्याला अधिक २चा अधिकार नसावा, कर्त्याची स्वतःलाच दिलेली मंजुरी धरू नये. या सोयी गेरिटमध्ये करता येतात. कागदावरील मनाई पाळली जाईलच याची खात्री नसते. तथापि अधिकार नाकारल्यानंतर काय करावे, हे साधन आपोआप सांगत नाही. अडलेला एजंट दुसरी वाट शोधू लागतो : दुसरी आज्ञा, दुसरी शाखा, क्वचित तपासणीच बंद करण्याचा पर्याय. म्हणून ‘मंजुरीचा अधिकार नाही’ या संदेशाच्या लगेच पुढची ओळ मार्गदर्शिकेत असावी : येथे थांबावे, बदल आहे त्याच स्थितीत ठेवावा आणि परीक्षकाचे नाव घालून त्यास कळवावे.