जुनी वाद्ये, नवे सूर : कोण कोणाकडे शिकायला गेले?

गिटारच्या शेजारी घटम्, ड्रमसेटच्या शेजारी तबला, कीबोर्डच्या शेजारी बासरी अशा मैफलींचे आता कोणाला नवल वाटत नाही. खामगाव, मलकापूर, चिखली यांसारख्या आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील गावांत अशा मैफली प्रत्यक्ष ऐकण्याचा योग क्वचितच येतो. परंतु मोबाईलच्या पडद्यावरून त्या घराघरांत पोहोचल्या आहेत. तरुण मुले त्या पाहतात आणि रविवारी गायनवृंदात उभी राहिली की तसेच काही करून पाहण्याची ओढ त्यांना लागते. वडीलधाऱ्यांना ते खटकते. एक पक्ष म्हणतो, आपले जुने सोडू नका. दुसरा म्हणतो, काळाबरोबर चला. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण त्याने संगीताची परीक्षा होत नाही. परीक्षेला कसोटी लागते. प्रस्तुत लेखात मी एकच कसोटी वापरणार आहे. दोन परंपरांची वाद्ये एका व्यासपीठावर आली, तेव्हा कोण कोणाकडे शिकायला गेले?

प्रथम या प्रकाराच्या नावाविषयी. ‘वर्ल्ड म्युझिक’ ही संज्ञा विद्वानांच्या ग्रंथांतही आढळत असली तरी तिचा आजचा प्रसार व्यापाऱ्यांनी केला. १९८७ साली लंडनमधील काही ध्वनिमुद्रिका-कंपन्यांचे लोक एकत्र बसले. आफ्रिका, आशिया, दक्षिण अमेरिका येथील मुद्रिका दुकानात कोणत्या फळीवर ठेवाव्यात, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता आणि हे नाव त्यांनी त्या फळीसाठी निवडले. त्यापूर्वीच, १९८२ साली, पीटर गॅब्रिएल या गायकाच्या पुढाकाराने इंग्लंडमध्ये ‘वोमॅड’ हा महोत्सव सुरू झाला होता. पुढे २०२० मध्ये ग्रॅमी पारितोषिकाच्या संयोजकांनी आपल्या विभागाच्या नावातून ‘वर्ल्ड’ काढून ‘ग्लोबल’ हा शब्द घातला. तात्पर्य, नाव फळीचे आहे. त्यावरून आतल्या मालाची प्रत कळत नाही.

मिश्रणाला नावे ठेवणाऱ्यांनी आपल्या घरातील पेटीकडे एकदा पाहावे. हार्मोनियम हे मूळचे फ्रान्सचे वाद्य. अलेक्झांडर देबँ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसमध्ये त्याचे पेटंट घेतले. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास पायाचा भाता काढून हाताचा भाता बसवला आणि जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या गवयाच्या पुढ्यात ते वाद्य आणून ठेवले. पेटीवर आक्षेपही झाले. तिच्या पट्ट्यांतून मींड निघत नाही, श्रुतींचे बारकावे साधत नाहीत, या कारणांसाठी १९४० पासून आकाशवाणीने तिला जो मज्जाव केला तो सुमारे तीस वर्षे टिकला. तरीही कीर्तन, भजन, नाट्यसंगीत आणि आपली भक्तिगीते यांतून पेटी हद्दपार झाली नाही, कारण ती आपल्या बैठकीला नमून आली होती. परदेशी वाद्याने आपल्याकडे शिकण्याचे हे जुने उदाहरण होय.

आता व्यासपीठावरच्या कलावंतांकडे वळू. या क्षेत्रातील पहिले मोठे नाव ‘शक्ती’ हे आहे. इंग्लंडमधील गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन, व्हायोलिनवादक एल. शंकर, तबल्यावर झाकीर हुसेन आणि घटम् वाजवणारे टी. एच. विनायकराम यांचा हा संच. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका ५ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्क राज्यातील साउदम्प्टन कॉलेजात श्रोत्यांसमोर झालेल्या कार्यक्रमाची आहे. त्याआधी मॅक्लॉफ्लिन विजेच्या गिटारवर कानठळ्या बसवणारे संगीत वाजवीत असत. ‘शक्ती’साठी त्यांनी ते गिटार बाजूला ठेवले. डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे त्यांनी वीणेचे धडे घेतले. स्वतःसाठी वेगळे गिटार बनवून घेतले, त्यावर मुख्य तारांखालून तिरप्या जाणाऱ्या सात तारा बसवल्या आणि पडद्यांमधील लाकूड कोरून घेतले, जेणेकरून तार दाबून मींड काढता यावी. येथे पाश्चात्त्य वाद्याने आपला देह बदलला. ते शिकायला आले, म्हणून तबला आणि घटम् यांना आपले व्याकरण सोडावे लागले नाही. तसेच, तबला उत्तरेचा आणि घटम् दक्षिणेचा. एका देशातील या दोन शेजाऱ्यांनाही एकमेकांचा हिशेब येथे नव्याने शिकावा लागला. हे या संचाचे कार्य मला गिटारच्या नवलापेक्षाही मोलाचे वाटते.

यात उणे काहीच नाही असे नव्हे. १९९७ नंतर ‘रिमेंबर शक्ती’ या नावाने हा प्रवाह पुन्हा सुरू झाला आणि २००० साली मुंबईत झालेल्या कार्यक्रमांत शिवकुमार शर्मा, शंकर महादेवन, शिवमणी, तौफिक कुरेशी असे अनेक पाहुणे सामील झाले. ‘सॅटर्डे नाइट इन बॉम्बे’ या ध्वनिमुद्रिकेत त्यातील काही भाग आहे. ते ऐकताना आनंद होतो. परंतु माणसे वाढली की सवाल-जवाबाची चढाओढ वाढते, लय चढत जाते, टाळ्या पडतात आणि राग सावकाश उलगडण्याला उसंत मिळत नाही. वेग ही श्रोत्यांना जिंकण्याची सर्वांत सोपी युक्ती आहे. झाकीरभाईंना तिची गरज नव्हती. विलंबित लयीत त्यांच्या बायाचा एक घुमारा पुरेसा असे. माहीमच्या सेंट मायकल शाळेत शिकलेला हा कलावंत १५ डिसेंबर २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे निवर्तला. त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘शक्ती’च्या ‘धिस मोमेंट’ या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी मिळाले होते.

दुसरे नाव त्रिलोक गुर्टू यांचे. मराठी रसिकांना त्यांची ओळख शोभा गुर्टू यांचे चिरंजीव म्हणून अधिक. बेळगावात जन्मलेल्या शोभाताईंची ठुमरी आणि दादरा ही महाराष्ट्राची ठेव आहे. १९५१ साली मुंबईत जन्मलेले त्रिलोक तबला शिकले आणि पुढे युरोपात स्थायिक झाले. ड्रमसेट हा उंच आसनावर बसून, पायाने मोठा ढोल ठोकीत वाजवण्याचा. त्रिलोक यांनी तो खाली आणला. जमिनीलगत अर्धवट गुडघ्यांवर बसून, बाजूला तबला घेऊन ते वाजवू लागले. झांज आणि घंटा पाण्याच्या बादलीत बुडवून त्यांचा नाद वाकवण्याची त्यांची रीत प्रसिद्ध आहे. पाश्चात्त्य ड्रमसेटला त्यांनी तबल्याची बैठक आणि तबल्याचे बोल शिकवले.

१९८८ साली आलेल्या त्यांच्या ‘उस्फ्रेत’ या ध्वनिमुद्रिकेत जॅझमधील डॉन चेरी, राल्फ टाउनर अशा कलावंतांसोबत शोभाताईंचा आवाज आहे. मातेचा पारंपरिक स्वर आणि पुत्राचा नवा ताल असा हा दुर्मीळ योग. ती ऐकताना मात्र एक खंत वाटते. ठुमरीत शोभाताई एकेक शब्द किती अंगांनी फिरवून दाखवीत! ती सवड येथे त्यांना कमी मिळते. त्यांचा स्वर तालाच्या लाटांवरून तरून जातो, बुडत नाही. पण लाटांनी थोडे थांबावे असे कानांना वाटत राहते. म्हणजे एकाच कलावंताच्या कामात वाद्य शिकायला आले आणि लय मात्र शिकायला आली नाही, असेही घडू शकते.

हे सारे परदेशाच्या व्यासपीठांवरचे. आपल्या विदर्भात असे काही घडत नाही काय? घडते, फक्त आपण त्याला कला म्हणत नाही. वरातीपुढे आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत वाजणारी बेंजो पार्टी आठवा. टंकलेखन यंत्रासारख्या कळा असलेले हे तंतुवाद्य मूळचे जपानचे. गोरो मोरिता यांनी नागोया शहरात १९१२ साली ‘तैशोगोतो’ नावाने ते तयार केले. भारतात ते ‘बुलबुलतरंग’ झाले आणि महाराष्ट्रात त्याला बेंजो हे नाव पडले. खरा अमेरिकन बँजो वेगळा; त्याचे मूळ आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांच्या वाद्यांत आहे. अशा रीतीने देह जपानचा, नाव अमेरिकेचे, साथ ढोल-ताशाची आणि अलीकडे ऑक्टोपॅड व कीबोर्डची! याहून अधिक ‘जागतिक’ संगीत कोणते? रवी जाधव यांनी २०१६ साली या वादकांवर ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपट काढला, तेव्हा कुठे शिष्ट समाजाचे लक्ष तिकडे गेले.

या वादकांचे कसब खरे आहे. चित्रपटगीतातील गायकाचा गळा ते कळांवरून हुबेहूब उतरवतात, आणि हे शिक्षण कोणत्याही विद्यालयात मिळालेले नसते. माझी तक्रार वाद्याविषयी नाही, आवाजाविषयी आहे. कर्ण्यांच्या भिंती उभ्या राहिल्या की बेंजोवाल्याला ताशेवाला ऐकू येत नाही. जेथे वादकच एकमेकांना ऐकू शकत नाहीत, तेथे कोणी कोणाकडून शिकणे संपते आणि फक्त गोंगाट उरतो.

याउलट आपल्याच वऱ्हाडातली खंजिरी पाहा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी हे साधे चर्मवाद्य हाती घेऊन गावोगाव जागृती केली आणि १९५५ साली जपानमधील विश्वधर्म परिषदेतही ते नेले. त्याच परंपरेत अकोला जिल्ह्यातील सत्यपाल महाराजांनी एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवण्याची रीत रूढ केली. हातातील खंजिरी तीच राहिली. तिच्या संख्येने आणि मांडणीने नवा नाद निर्माण झाला. नवेपणासाठी दर वेळी परदेशी वाद्य आणावे लागत नाही, जुन्याकडे पुन्हा शिकायला जाऊनही नवे मिळते, हे त्यातून दिसते. गोव्याच्या घुमटाचेही तसेच. मांडोपासून आरतीपर्यंत साथ करणाऱ्या या मडक्याच्या वाद्याला पूर्वी घोरपडीचे कातडे लावीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शेळीचे कातडे आले, आणि २०१९ साली गोवा शासनाने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला. कातडे बदलले, घुमट राहिले, कारण वाजवणारे हात राहिले.

आता आपल्या मंदिराच्या उंबरठ्याशी येऊ. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविधीविषयीचे संविधान प्रसिद्ध केले. त्यात ऑर्गनचा गौरव करतानाच, ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिला योग्य स्थान द्यावे आणि उपासनेला साजेशी इतर वाद्येही स्वीकारावीत, असे मार्गदर्शन आहे. त्याचे एक उत्तम फळ म्हणजे आर्जेंटिनाचे संगीतकार आरिएल रामिरेस यांची १९६४ मधील ‘मिसा क्रिओया’. मिस्साविधीतील प्रार्थना त्यांनी स्पॅनिश भाषेत घेतल्या आणि प्रत्येक प्रार्थनेला आपल्या भूमीतील एकेक लोकलय दिली. दयायाचनेला उजाड पठारावरच्या एकाकी गाण्याची, महिमागीताला उत्सवातील नाचाची. चारांगो हे छोटे तंतुवाद्य आणि बोंबो हा लाकडी ढोल यांच्या शेजारी हार्पसिकॉर्ड हे युरोपच्या दरबारातील वाद्य बसते. येथे दरबारी वाद्य शेतकऱ्याच्या ढोलाकडे शिकायला येते. म्हणून ऐकणाऱ्याला मिश्रण जाणवत नाही, प्रार्थना जाणवते. १२ डिसेंबर २०१४ रोजी, ग्वादालूपे मातेच्या सणाला, पोप फ्रान्सिस यांनी रोमच्या संत पेत्राच्या मंदिरात अर्पण केलेल्या मिस्सामध्ये हीच रचना गायली गेली. या घटनेला रचना पन्नास वर्षांची झाली होती.

आपल्या धर्मग्रामांत मात्र मिश्रणाचा एक निराळाच प्रकार रूढ होत आहे. कीबोर्डवर एक कळ असते. ती दाबली की आतून तबला वाजू लागतो. वादक लागत नाही, तालीम लागत नाही. हा तबला कधी चुकत नाही, पण कधी ऐकतही नाही. एखाद्या वृद्ध भगिनीचा स्वर ओळीच्या शेवटी रेंगाळला तर तो थांबत नाही. शोकाच्या मिस्सामध्ये लोकांचा गळा दाटून आला तरी त्याची लय ढळत नाही. जिवंत ढोलकीवाला मंडळीच्या श्वासाकडे पाहून हात हलका करतो. कळ दाबली गेल्यावर अख्खी मंडळीच यंत्राच्या मागे धावू लागते. म्हणजे येथे यंत्र आपल्याकडे शिकायला आलेले नाही, आपण यंत्राकडे शिकायला गेलो आहोत.

यातील नुकसान केवळ सौंदर्याचे नाही. ढोलकी, टाळ, खंजिरी वाजवणारा माणूस गायनवृंदातून उठून जातो आणि सहसा त्याला कोणी परत बोलावीत नाही. त्याच्या मुलाला ते वाद्य शिकावेसे वाटत नाही. एका पिढीत हात विसरतात, आणि विसरलेले हात कोणत्याही कळीने परत येत नाहीत. ज्या आवाजाची नक्कल यंत्रात भरून ठेवली आहे, तो आवाजही कोण्या जिवंत वादकाच्या बोटांतूनच प्रथम निघालेला असतो.

कीबोर्ड मंदिराबाहेर काढा, असे माझे म्हणणे नाही. पेटीला जिने आपले केले ती मंडळी कीबोर्डलाही आपले करू शकेल. तालाची ती कळ तेवढी बंद ठेवावी, कीबोर्डवाल्याने ढोलकीवाल्याच्या शेजारी बसून त्याचा ठेका अंगात मुरवावा आणि दोघांनी मंडळीचा स्वर ऐकत साथ करावी. ज्या तरुणांना ‘शक्ती’सारखे काही करावेसे वाटते, त्यांनी मॅक्लॉफ्लिन यांची बोटांची चपळाई पाहावीच, पण ती दाखवण्यापूर्वी ते वीणा शिकायला बसले होते, हेही लक्षात ठेवावे. गावात अजून एखादे ढोलकीवाले काका असतील, तर या नाताळच्या तालमी त्यांना विचारून सुरू कराव्यात.